कोब्यावरचं व्हिनाइल

श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न

भवानी पेठ, सोलापूर
रविवार, १२ मार्च १९७८

प्रिय पार्वती,

हे पत्र तुझ्या नावाचं आहे, तूच फोड आणि तूच वाच. रेवणप्पाच्या हातात देऊ नकोस. तुझा भाऊ देवमाणूस आहे, पण कागद दिसला की मोठ्यानं वाचायची त्याला खोड आहे, आणि सांगोल्याच्या त्या दुकानात तूरडाळ घ्यायला आलेल्या माणसालाही आपल्या घरचं सगळं फुकटात ऐकायला मिळेल. भाकरी थापता थापता तू पुड्याच्या कागदावरच्या बातम्या वाचायचीस, तेव्हा माझं अक्षर कितीही किरटं असलं तरी तुला लागेल. मागे रेवणप्पा माल घ्यायला सोलापूरला आला, तेव्हा चहासुद्धा न घेता उभ्या उभ्या निरोप सांगून गेला. म्हणाला, आक्का म्हणती, त्या सैपाकघरातली जमीन झाकल्याबिगर मी त्या घरात पाय टाकणार न्हाय. मी म्हटलं, झाकतो की. एवढंच ना? दिवाळीनंतर तू गेलीस ती आता होळी तोंडावर आली. जमीन झाकून तू येणार असशील तर मी अख्ख्या भवानी पेठेवर चादर घालायला तयार आहे.

तर ऐक, व्हिनाइल आणलंय. नाव जरा अवघड आहे, मी दुकानात सारखा चुकत होतो आणि दुकानदार सारखा सुधारत होता. नव्या पेठेत पडद्यांचं नि गाद्यांचं एक दुकान झालंय, तिथं याचे गुंडाळे भिंतीला टेकून उभे असतात. प्लास्टिकचंच असतं, पण जाड, खालून कापडासारखं अस्तर आणि वरून नक्षी छापलेली. फरशीवर अंथरायचं, चिकटवायचं आणि ओल्या फडक्यानं पुसायचं, झालं काम. वास मात्र नव्या रेनकोटसारखा येतो, तो काही दिवसांनी जातो म्हणतात. दुकानदारानं एकेक उलगडून दाखवलं. एकावर विटा, एकावर लाकडाच्या फळ्या, एकावर संगमरवर, एकावर फुलं. अगं, मी जन्मभर चादरीच्या मागावर उभा असलेला माणूस, मला नक्षी काय दाखवतोस? मी आधी जोड बघितला. फुलाचा तांबडा रंग पाकळी सोडून बाहेर पळालेला. म्हटलं, शेठ, आमच्या कारखान्यात अशी चादर निघाली तर मुकादम ती आमच्याच डोक्यावर पांघरील. शेठ काही हसला नाही. त्याला वाटलं असेल, हा घेणार तर काही नाही, उगाच पाणउतारा करायला आलाय.

मी तुझ्या वतीनं सगळं विचारलं, बरं का. हळदीचा डाग पडतो का? पडतो. तेलाचा? लगेच पुसला तर जातो. तापलेला तवा ठेवला तर? तर म्हणे ठेवायचाच नाही, वितळतं. आता आली का पंचाईत! तू तवा उतरवलास की उजव्या हाताला जमिनीवर टेकवणार, ही तुझी सवय इतक्या वर्षांत माझ्याच्यानं मोडली नाही, ती या प्लास्टिकला कशी मोडणार? म्हणून एक लोखंडी तिवई पण घेऊन आलो. उखळापाशी गोल कापून घ्यायचं ठरलंय, म्हणजे शेंगाची चटणी कुटायला अडचण नको. पांढरं घेतलं असतं तर चटणीनं दोन दिवसांत लाल झालं असतं. शेवटी करडं घेतलं, बारीक काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचं. करडा रंग तुला आवडत नाही, राख सांडल्यासारखा दिसतो म्हणतेस, ते काय मी विसरलो नाही. एक हिरवं लई देखणं होतं, पोपटी, बघता बघता हात त्याच्यावरच गेला. पण तेच हिरवं आपल्या नीलूच्या परकराचं होतं गं. मी हात तसाच मागं घेतला. शेठला वाटलं भाव जास्त सांगितला म्हणून मी हात काढला, तो आपणहून कमी करायला लागला. मी म्हटलं, ते करडं बांधा.

घरी आणलं तर पेठेत गवगवा. गुंडाळा खांद्यावर बघून शेजारची गोजाबाई ओट्यावरनं खाली उतरली. तिनं ते उलटंसुलटं चाचपलं, हुंगलं आणि ओरडली, संगप्पा, कातडं आनलास का काय रं सैपाकघरात? झालं! गळ्यात लिंग बांधलेल्या माणसाच्या घरात, जिथं आपण देवाला नैवेद्य रांधतो तिथं कातडं अंथरायचं म्हणजे काय तोंडचा खेळ आहे? पार कोपऱ्यावरच्या मठात गेलं प्रकरण. मी स्वामींच्या पुढ्यात त्याचा एक तुकडा ठेवला, काडी ओढून कडेला लावली आणि म्हटलं, घ्या वास. कातड्याचा येतो का प्लास्टिकचा? स्वामींनी नाक धरून हातानंच जा जा केलं. एरवी हे मी तुला रंगवून रंगवून सांगितलं असतं आणि तू पदर तोंडात धरून हसली असतीस. आता सांगायला घरात कोण आहे? पितळेची भांडी आहेत. मी गोजाबाईला मात्र तिथंच सगळ्यांसमोर सांगितलं, तुझ्या जिभेला हाड नाही, माझ्या घराच्या जमिनीबद्दल तू पुन्हा एक अक्षर काढू नकोस. ती चपापली. कशाबद्दल बोललो ते तिला बरोबर कळलं.

आतल्या खोलीतला तो माग तुला पहिल्यापासून नको होता. माझ्या बापानं हयात त्याच्यावर काढली. मागाचा खड्डा जमिनीत, त्यात पाय सोडून बसायचं आणि धोटा फेकायचा, आणि त्याच्याच पलीकडे हातभरावर आपली चूल. लग्न होऊन आलीस त्या वर्षी हातात ताट घेऊन तू त्या खड्ड्यात पडता पडता वाचलीस. बाप गेला, हातमागाचे दिवस गेले, मी कारखान्यात यंत्रमागावर लागलो, तरी खड्डा तसाच होता. मग नीलू रांगायला लागली, चालायला लागली, आणि तू माझ्यामागं टुमणं लावलंस की पोरगी पडेल, हा खड्डा बुजवा. ज्ञानू गवंड्याला बोलावलं. त्यानं मुरूम टाकून ठोकून ठोकून खड्डा भरला आणि वरून सिमेंटचा कोबा केला, इतका गुळगुळीत की तू म्हणालीस, आता माझं सैपाकघर केवढं मोठं झालं बघा. मी नुकताच पहिल्या पाळीवरनं आलो होतो. तू उखळापाशी भिंतीकडे तोंड करून चटणी कुटत होतीस. ज्ञानू ओरडला, तू वळून बघितलंस, तर नीलू माझ्या कडेवर, तिचे दोन्ही पाय घोट्यापर्यंत सिमेंटनं भरलेले, माझा सदरा बरबटलेला, आणि ओल्या कोब्यावर मधोमध दोन पावलं. ज्ञानूनं ती पुसायला थापी उचलली. तू त्याचा हात धरलास. असू दे दादा, माझ्या लेकीची पावलं हाईत, म्हणालीस. मग आपण दोघांनी खोबरेल लावून लावून तिचे पाय धुतले आणि ती आपली गुदगुल्या होतात म्हणून खिदळत होती.

त्या वर्षी भाद्रपदात महालक्ष्म्या बसल्या, तेव्हा तू उंबऱ्यापासून रांगोळीची पावलं काढत आलीस आणि नीलूच्या पावलांवरसुद्धा हळदकुंकू वाहिलंस. पेठेतल्या बायका आल्या, सगळ्यांनी वाकून बघितलं. पार्वतीच्या घरात लक्ष्मी खरीखुरी चालली म्हणून कौतुक केलं. गोजाबाई पण होती त्यांच्यात, तिनंच सगळ्यांत जास्त कौतुक केलं. आणि गेल्या श्रावणात नीलूला ताप आला, डोक्यात चढला, आणि आठवडा सरायच्या आत आपली पोर गेली. मी तिला माझ्या हातानं रुद्रभूमीत आपल्या रीतीनं मातीत बसवलं. तिच्या मांडीवर बेलाचं पान ठेवलं तेव्हा वाटलं की आता ते उचलून ती तोंडात घालणार, तिला सवयच होती. हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं. तू विचारलंही नव्हतंस.

पुढं गोजाबाई समाचाराला आली आणि ती पावलं बघून बोलून गेली. मी बाहेरच्या खोलीत होतो, मला शब्द न् शब्द ऐकू आला. पार्वती, ही पावलं उलटी की गं, चुलीकडनं दाराकडं. लक्ष्मी आत येती तशी न्हाईत ही, बाहेर निगालेली हाईत. तवाच मोडायला पायजे हुती. त्या बाईनं हे दुष्टाव्यानं म्हटलं असं मी आजही म्हणणार नाही. पण त्या दिवसापासून तू तू राहिली नाहीस. आधी त्या पावलांवर पाट ठेवलास. मग पाटावर पोतं टाकलंस. मग स्टोव्ह बाहेरच्या खोलीत आणलास आणि आत जाणंच सोडलंस. एकच घोकत होतीस की मी थापी अडवली म्हणून माझी लेक गेली. मी काय काय नाही सांगितलं? ताप होता, डॉक्टरांनी सांगितलं होतं, पेठेत त्या पावसाळ्यात आणखी दोन घरची लेकरं गेली. तू माझ्याकडे बघायचीस, पण माझं बोलणं तुझ्यापर्यंत पोचतच नव्हतं. रेवणप्पा न्यायला आला तेव्हा खरं सांगतो, मला बरं वाटलं. वाटलं, माहेरी चार घास खाईल, आईजवळ झोपेल. तू गेलीस आणि मग मी ते पोतं काढलं, पाट काढला.

का काढलं ते सांगतो. यंदा संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेला मी एकटाच गेलो. जायचं नव्हतं, पण नंदीध्वजांची मिरवणूक आपल्या गल्लीतनं गेली तेव्हा पाय आपोआप वळले. तिथं ते फोटोवाले बसतात ना, पुठ्ठ्याचं विमान आणि पुठ्ठ्याचा चंद्र घेऊन, तिथं थांबलो. मागच्या वर्षी आपण नीलूला त्या चंद्रावर बसवलं होतं, आणि फोटोवाल्यानं काळं फडकं डोक्यावर घेतल्याबरोबर तिनं असं भोकाड पसरलं की तो म्हणाला, राहू दे, पुढच्या वर्षी आणा, मोठी होईल तोवर. आपण पण हसून म्हटलं, पुढच्या वर्षी. म्हणजे आपल्याजवळ तिचा एकही फोटो नाही, पार्वती. परकर तू गरिबाला देऊन टाकलास. चांदीचं लिंग तिच्याबरोबर गेलं. जत्रेतनं मी तसाच घरी आलो आणि त्या कोब्यापाशी बसलो. मग रोजच बसायला लागलो, कारखान्यातनं आल्यावर, हातपाय धुऊन. तुला झाकायचं होतं आणि मला तेवढंच बघायचं होतं. तरी निरोप आल्यावर मी एका शब्दानं नको म्हटलं नाही. पावलं काय बोलत नाहीत, चालत नाहीत. तू जिवंत आहेस, तू यायला पाहिजेस. म्हणून व्हिनाइल आणलं.

परवा ते बसवायला दुकानातले हुसेनभाई आले. त्यांनी खोली मापली, उखळाचा गोल आखून घेतला आणि कोब्यावरनं हात फिरवला. मग म्हणाले, देखो मामू, ये नरम माल है, नीचू जो रहता ना, वो उप्पर दिसताच. म्हणजे असं, की खाली खळगा असेल तर आज नाही दिसणार, पण माणसं चालून चालून महिन्या दोन महिन्यांत व्हिनाइल त्या खळग्यात बसतं आणि त्याचा आकार वर उमटतो. त्या पावलांचा आकार, त्या करड्या ठिपक्यांवर. तू येऊन, हळूहळू सावरून, एके दिवशी भाकरी थापायला बसशील आणि समोर ते वर आलेलं असेल. मी विचारलं, मग काय करायचं? ते म्हणाले, आधी सिमेंट कालवून हे खळगे भरून घ्या, सारखं करा, वाळलं की मला निरोप द्या. उठता उठता त्यांनी एवढंच विचारलं, बच्ची का है? मी मान हलवली. मग ते पाणीसुद्धा न पिता गेले, मजुरीचं पण काही बोलले नाहीत.

आज सुट्टी होती. सकाळी अंघोळ, पूजा आटोपून फुटक्या परातीत सिमेंट कालवलं आणि उंबऱ्याकडं पाठ करून, चुलीकडं तोंड करून त्या कोब्यावर बसलो. आधी उजवं पाऊल घेतलं. मनात म्हणत होतो, पार्वतीसाठी करतोय, पार्वतीसाठी करतोय. टाच भरली, तळवा भरला. बोटांच्या खळग्यांत थापी जात नव्हती, तिथं माझ्या करंगळीनं भरलं, एकेक बोट. वरून हात फिरवला. गुळगुळीत झालं. मग डाव्याकडे वळलो आणि माझा हात तिथंच राहिला, कारण त्या पावलाची बोटं माझ्याकडे होती. मला हे आधी दिसलं नव्हतं असं नाही. पण गोजाबाईनं बोट दाखवल्यापासून मीसुद्धा ती पावलं तिच्याच डोळ्यांनी बघत होतो, कुठनं निघाली तेवढंच बघत होतो, कुठं चालली होती ते विसरलो होतो. अगं, मी पाळीवरनं आलो होतो की! चपला बाहेर काढून उंबरा ओलांडून आत आलो होतो. ती चुलीपाशी तुझ्या पाठीमागं खेळत होती, तिनं मला बघितलं, अप्पा म्हणून हाका मारत हात पसरून धावत सुटली, मधे ओला कोबा आहे हे तिला काय ठाऊक? मी तिला उचललं आणि मग ज्ञानू ओरडला. तू भिंतीकडे तोंड करून कुटत होतीस, तुला दिसणारच नव्हतं आणि उखळाच्या आवाजात तिची हाकही ऐकू येणार नव्हती. मला दिसलं होतं आणि मीच तुला सांगायला चुकलो, कारण ही सांगायची गोष्ट आहे हेच मला कळलं नाही. पारू, ती बाहेर चालली नव्हती. ती माझ्याकडे येत होती, आणि मी उंबऱ्याच्या आत उभा होतो. व्हिनाइलचं एवढं पाल्हाळ लावलं, पण पत्र लिहायला बसलो ते हे तुला सांगायला. थापी अडवलीस ते चांगलं केलंस. उजवं पाऊल मात्र आता नाही. मी लगेच चमच्यानं खरवडायला गेलो, पण ओलं सिमेंट निघताना बोटांच्या कडाच मोडायला लागल्या, म्हणून सोडून दिलं, आता ते वाळलंय. डावं आहे. व्हिनाइल दाराआड उभं आहे, हुसेनभाईंना सध्या येऊ नका म्हणून सांगून आलो. तू ये. रेवणप्पाला सवड नसेल तर मी एस्टीनं न्यायला येतो. आलीस की आधी उंबऱ्याच्या आत माझ्या जागी उभी राहा आणि तिची बोटं कुणाकडे आहेत ते बघ. बघून तू भर म्हणालीस तर भरीन, तुझी शपथ. पण तिथनं न बघता तसा निरोप धाडू नकोस, माझ्याच्यानं एकट्यानं ते होणार नाही.

तुझाच,
संगप्पा